सगुणा धवलारणीचं मुसळ

मी एक जुनं मुसळ आहे. हसू नका मित्रांनो! मुसळ म्हटलं की पोरं हसतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. पाऊस जोराचा पडला की तेवढ्यापुरतं माझं नाव घेतात, एरवी मला कोण विचारतो? आज मी माजिवड्याच्या एका पडवीत दाराला टेकून उभा आहे. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून मला तिथे ठेवलंय. दिवसभर तेवढंच काम. पण एके काळी माझ्याशिवाय या गावात हळद कांडली जात नव्हती आणि लग्नाचं पान हलत नव्हतं.

माझा जन्म कल्याणचा. देश स्वतंत्र झाला त्या वर्षीच्या दिवाळीनंतर तिथल्या एका म्हाताऱ्या सुताराने खैराच्या लाकडातून मला तासून काढलं. पुरुषभर उंची, मधोमध मुठीत मावेल अशी कंबर आणि पायाला लोखंडी कडं. लोहाराने ते कडं तापवून ठोकलं तेव्हा मी केवढ्यानं ओरडलो होतो, पण लाकडाचं ओरडणं कोण ऐकतं?

माजिवड्याचा भिवा तेव्हा मिठाच्या मचव्यावर खलाशी होता. कल्याणच्या बंदरात मीठ उतरवून परत निघताना त्याने मला बायकोसाठी विकत घेतलं. ओहोटीबरोबर आम्ही खाडीतून निघालो. डाव्या हाताला डोंबिवलीकडची भातखाचरं, पाण्यात पाय बुडवून उभे असलेले बगळे, आणि मचव्यात आडवा पडून आकाश बघणारा मी. एवढा मोकळा मी पुन्हा कधी नव्हतो. त्या प्रवासाची आठवण आली की अजून माझ्या अंगाला मिठाचा वास येतो.

भिवाची बायको सगुणा. ती गावाची धवलारीण होती. आमच्याकडच्या आगरी लोकांत लग्नाचे विधी ही बाई गाऊन पार पाडते. हळद कांडण्यापासून नवरी घरात पाऊल टाकीपर्यंत प्रत्येक गोष्टीचं गाणं तिच्या तोंडी असतं. पाटील असो की पंच, धवलारीण गायला लागली नाही तर नवरदेवाला पाटावर बसता येत नाही. हळदीच्या दिवशी मला न्हाऊ घालायचे, आंब्याची पानं आणि हळकुंड बांधायचे. पाच सवाष्णी मला एकदम धरायच्या आणि सगुणाने गाणं उचललं की माझा पहिला ठोका पडायचा. तो मान मिळाला की मी आठ दिवस ताठ असायचो. तसा मी एरवीही ताठच, पण ते वेगळं.

बाकीचे दिवस भात कांडायचं. सगुणाच्या पडवीतलं उखळ काळ्या दगडाचं, जमिनीत गाडलेलं, तिघी मिळून कांडतील एवढं मोठं. घरोघरी मुसळं आणि उखळं होती, तरी बायका भात घेऊन यायच्या त्या इथेच. हातांना काम आणि तोंडाला गप्पा! शिवाय मुसळांचा आवाज गावभर जायचा, त्यामुळे सून कामच करते आहे याची घरी बसलेल्या सासूला खात्री पटायची. मी सरळ होतो, हाताला हलका होतो, म्हणून मला धरायला सगळ्यांची घाई असायची.

मी बायका त्यांच्या हातांवरून ओळखायचो. मिठागरावर काम करणारीचे तळवे भेगाळलेले, खारट. शेजारची आवडाबाई मला अशी धरायची, की आता माझी मान मुरगाळते की काय! नव्या नवरीच्या हाताला फोड यायचे आणि ती ते लपवायची. कुणाला दिवस गेले आहेत हे तिच्या घरच्यांच्या आधी मला कळायचं, कारण ठोका सावकाश पडायचा. केवढं गुपित पोटात ठेवलंय मी, काय सांगू!

सगुणाचा एकच नियम होता. रिकाम्या उखळात मुसळ टाकायचं नाही. दगडाला चीर जाते आणि घरात भांडण येतं, असं ती म्हणायची. एखाद्या पोराने खेळता खेळता तसं केलं तर त्याच्या पाठीत धपाटा बसलाच म्हणून समजा.

पाच-सहा वर्षं अशी मजेत गेली. मग ठाकुर्लीकडची तुळसा गोमाजीच्या घरी सून म्हणून आली. गोमाजीचा थोरला मुलगा राघो हा तिचा नवरा. हे घर सगुणाच्या भिंतीला भिंत लागून होतं. तुळसाच्या लग्नाची हळद मीच कांडली होती आणि सगुणाच गायली होती. या पोरीचे दोन्ही हात सारख्या जोराचे होते. कांडता कांडता ती सगुणाच्या मागून गुणगुणायची. गळा गोड, आणि एकदा ऐकलेलं गाणं विसरायची नाही. सगुणाला मूल नव्हतं. तुळसा गायला लागली की ती आपलं गाणं थांबवून ऐकत बसायची.

वर्षभरात एक दिवस तुळसाचा उजवा हात हलका पडला. मग कधी डावा पडू लागला. कधी दोन्ही हात बरे असायचे, पण वाकताना तिचा श्वास अडकायचा.

"काय गो, हात सुजलाय तुजा?" आवडाबाईने एकदा विचारलं.

"पडलू बाय, बांधावरशी."

"महिन्यान दोनदा कोन पडतं गो बांधावरशी?"

"गप ऱ्हा आवडे," सगुणा म्हणाली. "ज्याची त्याची घरची गोष्ट हाय. होईल नीट."

आणि मुसळं पुन्हा चालू झाली. मीही चालू झालो. त्या पडवीत मी कुणापेक्षा शहाणा नव्हतो.

एकोणीसशे पंचावन्न सालचा माघ महिना होता. दुपारची वेळ. राघो मिठागरावरून भुकेला आला आणि चूल थंड दिसली, कारण तुळसा अजून पडवीत भातच कांडत होती. तो तसाच पडवीत चढला. त्याने मला तिच्या हातातून हिसकावलं, उचललं, आणि मित्रांनो, मी तिच्या हातावर पडलो.

हाड मोडतं तो आवाज फार बारीक असतो. एवढी वर्षं मी लाखो दाणे फोडले, पण तो आवाज मी विसरलो नाही. माझ्या कड्याला रक्त लागलं. राघोने मला फेकून दिलं आणि तो घरी निघून गेला. पडवीत पाच बायका होत्या. एकीनेही त्याला अडवलं नाही.

सगुणा धावली. पण ती धावली माझ्याकडे. हळदीच्या मुसळाला रक्त लागणं म्हणजे मोठा अपशकुन. ज्याच्या ठोक्यावर पोरी लग्नाला उभ्या राहतात ते मुसळ आधी शुद्ध करायचं, ही तिच्या सासूपासून चालत आलेली शिकवण. तिने मला विहिरीवर नेलं, राख लावून घासलं, तीनदा पाणी ओतलं, कड्याला हळद माखली आणि पडवीच्या कोपऱ्यात नीट उभं केलं. मग तिने मागे वळून पाहिलं. तुळसा उखळाशी तशीच बसली होती. मोडलेला हात मांडीवर होता आणि लुगडं रक्ताने भिजलेलं होतं.

"काकी," तुळसाने विचारलं, "मुसळ साफ झालं का?"

तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरंच काळजी वाटत होती. सगुणा तिच्याजवळ जाऊन बसली. मला त्या वेळी इतकी लाज वाटली की वाटलं, कुणीतरी मला चुलीत घालावं.

भिवाने बैलगाडी आणली. ठाण्याच्या दवाखान्यात हात बांधून तुळसाला परत आणलं ते सगुणाच्याच घरी. तिथून पुढे महिनाभर तिला भरवणं, न्हाऊ घालणं सगळं सगुणाने केलं. माझ्याकडे मात्र तिने ढुंकून पाहिलं नाही.

ठाण्याच्या महिला मंडळाच्या भागीरथीबाई दर रविवारी पडवीत बायकांना अक्षरं शिकवायला येत. त्या शाळेत शिक्षिका होत्या. त्यांनी तुळसाचा हात पाहिला आणि पाटी बाजूला ठेवली. "आपण फिर्याद करू," त्या म्हणाल्या. "मी स्वतः तुझ्याबरोबर कोर्टात येते. नवरा झाला म्हणून त्याला मारायचा हक्क कुणी दिलेला नाही."

"बाय, कोर्ट ठान्याला हाय," तुळसा हळूच म्हणाली. "तो भिंतीपलीकडं हाय."

तरीही भागीरथीबाईंनी फिर्यादीचा कागद लिहिला, तुळसाचा अंगठा घेतला आणि कागद सगुणाच्या हाती देऊन त्या म्हणाल्या, "तिची तयारी होईल त्या दिवशी मला निरोप पाठवा. तोवर भिंतीपलीकडच्याचं काय करायचं ते मात्र तुम्हालाच शोधावं लागेल."

चैत्र संपत आला तसा राघो बापाला घेऊन बायकोला न्यायला आला. वैशाखात त्याच्या धाकट्या भावाचं, कान्हाचं लग्न ठरलं होतं.

"थोरली सून घरान नसली तं पावने काय बोलतील?" गोमाजी म्हणाला. "सोड तिला, सगुणे."

"सोडतंय. राघोनं चारचौघांत बोलावं, परत हात नाय उचलनार."

राघो हसला. "माजी बायको हाय ती. तुना कशाला सांगू?"

तुळसा आत दाराआड उभी होती. तिला परत जावं लागणार का, आणि गेली तर पुढच्या खेपेला नुसत्या हातावर भागणार का, एवढाच प्रश्न त्या घरात होता. सगुणा उठून उभी राहिली. "मंग कान्हाचे हलदीला मी नाय येनार," ती म्हणाली.

"नको येव! दुसरी धवलारीण आनू. मुसळ दुसऱ्या घरचं आनू," असं म्हणून गोमाजी तरातरा निघून गेला.

तेव्हा सगुणाने त्या माघातल्या दुपारनंतर पहिल्यांदा मला हात लावला. तिने मला उचललं आणि जोर करून रिकाम्या उखळात आपटलं. एकदा नाही, दहा-बारा वेळा. लोखंड आणि दगड! असा आवाज त्या गावाने ऐकला नव्हता. उखळाच्या काठाला चीर गेली. दारं उघडली, बायका धावत आल्या. कुणाला वाटलं आग लागली, कुणाला वाटलं भिवा गेला.

"पोर रगतान बसली होती," सगुणा सगळ्यांसमोर म्हणाली, "न मी मुसळ धुवत होतू. आधी मुसळ धुतलं मी! माजे हातशी पाप झालंय. ज्या मुसळानं बाई मारली त्यानं हलद नाय कांडाची. न तुमचे घरची मुसळं, लाटनी, काठ्या तरी कोऱ्या हायत का? सांगा मना."

आवडाबाई, जिच्या तोंडाला गावातले पुरुष भीत, ती मान खाली घालून घरी गेली. मला वाटलं, संपलं. थोड्या वेळाने ती परत आली ती स्वतःचं मुसळ खांद्यावर घेऊन. ते तिने माझ्या शेजारी उभं केलं.

"यो पन कोरा नाय," ती म्हणाली आणि पदराने तोंड झाकून रडली. आवडाबाईला रडताना मी तेव्हाच पाहिलं.

मग एकेक करून बायका येऊ लागल्या. दिवे लागेपर्यंत पडवीत एकतीस मुसळं जमली. ज्यांच्या घरी तसं काही घडलं नव्हतं, त्यांनीही आणून ठेवली. आम्ही सगळे भिंतीला टेकून ओळीने उभे राहिलो. आम्हाला बोलता येत नाही, पण त्या संध्याकाळी कुणी बोलायची गरजही नव्हती.

पुढचे पंधरा दिवस गावातल्या पुरुषांनी डोक्यावर भाताची पोती घेऊन ठाण्याची गिरणी गाठली. काय त्यांचे चेहरे! येता-जाता आवडाबाई दारातून ओरडायची, "गिरनीन तांदूळ होतं बाबांनो, लगीन नाय होत!" गोमाजीने बाळकुमहून दुसरी धवलारीण आणली. ती आली, चहा प्यायली आणि म्हणाली, मुसळ धरायला पाच सवाष्णी बोलवा. गावातून एकही मिळाली नाही. तिने सगळी हकीकत ऐकून घेतली, पान तोंडात टाकलं आणि आल्या वाटेने परत गेली.

हळदीच्या दिवशी सकाळी गोमाजी एकटाच पडवीत आला. मला त्याचा राग होता, पण त्या दिवशी म्हातारा फार थकलेला दिसला. "चल सगुणे," तो म्हणाला. "राघो बोलल. मी हाय तिथं."

मांडवात सगळं गाव बसलं होतं. मला मधोमध उभं केलं. राघोने माझ्यावर हात ठेवला. त्याचा तळवा घामाने ओला होता. बायकोवर पुन्हा हात उचलणार नाही, असं तो पुटपुटला.

"मोठ्यानं बोल," मागून आवडाबाई म्हणाली. "हिकडं ऐकू नाय आलं. मारताना तं सगल्यांना ऐकू येत होतं."

तो मोठ्याने बोलला. पाठोपाठ कान्हा उठला आणि कुणी न सांगता त्यानेही माझ्यावर हात ठेवला. मग सगुणाने तुळसाला विचारलं, "पोरी, जाशील?"

सगळा मांडव तुळसाकडे बघू लागला. तिचा हात बरा झाला होता, पण थोडा वाकडाच जुळला होता. "कान्हाचे लगनान हलद लावन, नाचन," ती म्हणाली. "न रातच्याला काकीचेच घरी येन. मना जवा भ्या नाय वाटनार तवा जान."

ती कधीच गेली नाही. राघोने पुढे कुणावर हात उचलला नाही, असं लोक सांगतात आणि ते खरंही असेल. पण भिंतीपलीकडे कडी वाजली तरी तुळसा दचकायची, मग जाणार कशी? गावाने नावं ठेवली. सगुणाने तिकडे कानाडोळा केला आणि तुळसाला लग्नाचं एकेक गाणं, एकेक धवळा शिकवायला घेतला.

त्यानंतरची दोन-तीन वर्षं माझ्या आयुष्यातली सोन्याची. सगुणाने नियमच केला, हळद कांडायच्या आधी नवरदेवाने मुसळावर हात ठेवून चारचौघांत शब्द द्यायचा. काही घरांनी तिला बोलावणं बंद केलं. तेव्हा ती आणि तुळसा मला लुगड्यात गुंडाळून भिवाच्या होडीने गावोगाव निघाल्या. ठाकुर्लीला तुळसाच्या माहेरी दहा गावच्या धवलारणी जमवल्या. भागीरथीबाईही आल्या, त्यांनी कायद्याची माहिती सांगितली. दिवसभर भांडणं झाली, भात-कालवण झालं, पुन्हा भांडणं झाली. शेवटी सात जणींनी सगुणाचा नियम मान्य केला, तिघी निघून गेल्या. सगळं सुधारलं असं मी म्हणणार नाही, मित्रांनो. शब्द देऊन मोडणारेही होते. पण त्या गावांतून रिकामं उखळ वाजलं की बायका दारात येत. येताना होडीत दोघी गात असत आणि मी त्यांच्या पायांशी पडून आकाश बघत असे. अगदी पहिल्या दिवसासारखं.

मग गावातच गिरणी आली. खरं सांगतो, मला वाईट वाटलं आणि बायकांच्या खांद्यांना बरं वाटलं. त्यांचा घाम मी पाहिला आहे, मी कोणत्या तोंडाने तक्रार करू? पण पडवी ओस पडली. आता बायका गिरणीत डबे ठेवून लगबगीने घरी जातात. कुणाचा हात हलका पडलाय, कुणाचा श्वास अडकतोय, कुणाला कळणार? गेल्या वर्षी सगुणा वारली. भिवाने मला दाराला टेकवलं आणि मी कोळिष्टकांत गुरफटून गेलो.

आता परवाची गोष्ट सांगतो आणि थांबतो. आवडाबाईची सून नंदा मला न्यायला आली. घरी पूजा होती आणि हळद आपल्या हाताने कांडायची असा आवडाबाईचा हट्ट होता. तिच्या नवऱ्याने, आवडाबाईच्या गुणाजीने लग्नात माझ्यावर हात ठेवून शब्द दिला होता, सगळ्यांत खणखणीत आवाज त्याचाच होता. नंदाने मला उचललं, आणि मला कळलं. ती मला एकाच हाताने उचलत होती. डावा हात तिने पदराखाली धरला होता. एका हाताला माझं वजन पेलेना. मी निसटलो आणि अंगणातल्या मातीत, शेणाच्या सड्यात धाडकन आडवा पडलो.

हळदीचं मुसळ मातीत! तुळसा घरातून धावत आली, उशीर का झाला म्हणून बघायला आवडाबाईही आली. मला वाटलं, आता मला उचलतील, पुसतील, विहिरीवर नेतील.

तुळसाने मला ओलांडलं. तिने नंदाचा पदर बाजूला केला आणि तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. मनगटापासून कोपरापर्यंत तो काळानिळा पडला होता.

आवडाबाईने ते पाहिलं. नंदा काहीतरी बांधावरून पडल्याचं सांगू लागली. "नको सांगू, पोरी," आवडाबाई म्हणाली. पोटचा पोरगा तो, एकुलता एक. मग ती वाकली. म्हाताऱ्या हातांनी तिने मला मातीतून उचललं, तसंच, चिखल न पुसता. पडवीत चढली आणि चीर गेलेल्या त्या रिकाम्या उखळात तिने मला पूर्ण ताकदीने आपटलं.

समोरचं दार उघडलं. मग त्याच्या पलीकडचं.

मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तूने शेवटी सांगायचं असतं, की आम्हाला जपा, पुसा, अडगळीत टाकू नका. माझं तसं काही मागणं नाही. माझ्या अंगावर चिखल असेल तर असू द्या. आधी तिचा हात बघा.